कोंबडा

खिडक्यांना काळं कापड. एकच बल्ब,
तोही डावीकडून, तिरपा.
आवळे सर म्हणाले, उजेड हात आखडून द्या,
बाकीचं अंधार बघून घेईल.

स्टुलावर हिंदुराव मगदूम.
गंगावेशीच्या मातीत मुरलेले खांदे,
आता कातडं सैल; कान तेवढे मुडपलेले, घट्ट.
तासाला साठ रुपये, वर चहा.
अंगावर सरांच्या घरची पिवळट चादर,
हातात कुलूपवाल्याच्या दोन जुन्या किल्ल्या,
पायाशी लक्ष्मीपुरीतून भाड्यानं आणलेला कोंबडा,
सुतळीनं बांधलेला.

भिंतीवर कॅलेंडरातून कापलेला
चारशे वर्षांपूर्वीचा म्हातारा संत.
वर वळलेले डोळे, एकमेकांत रुतलेली बोटं,
पापण्यांच्या कडा लाल.

"ह्यो रडतोय कशापायी?"
सर पेन्सिल तासत सांगत राहिले.
गुरूला धरून नेलं. अंगणात शेकोटी होती.
तू त्याचाच ना, असं लोक विचारत गेले.
तीनदा म्हणाला, मी ओळखत नाही त्याला.
मग कोंबडा आरवला.

"आन् किल्ल्या?"
"त्या आधीच दिल्या होत्या.
परत मागितल्या नाहीत."

पैलवान गप्प. आम्ही काळ्यात तपकिरी कालवत राहिलो.
बऱ्याच वेळानं, मान न हलवता
(मॉडेलनं हलायचं नसतं):
"सीपीआरच्या दारात आमचं वस्ताद पडलं हुतं.
धोतर घाण झाल्यालं.
नर्सबाईनं इचारलं, तुमचं कोण?
माझ्यासंगं पाव्हणं हुतं, सुटाबुटातलं.
म्या म्हटलं, कोण न्हाई."
मग थोडं थांबून,
"एकदाच म्हटलं."

कोंबडा फरशीवर दाणे शोधत होता.
आरवला वगैरे नाही.

बल्बच्या बाजूच्या गालावर, सुरकुतीत,
काहीतरी चमकलं.
सर हलकेच म्हणाले, पाणी रंगवू नका रे,
पाण्यावर थांबलेला उजेड रंगवा.
पांढरा. ब्रशच्या टोकाएवढा.

कुणी हात उचलला नाही.
मी उचलला.

वार्षिक प्रदर्शनात पहिला नंबर आला त्या ठिपक्याला.
पाहुण्यांनी चष्मा काढून जवळून पाहिलं,
केवढी वेदना, म्हणाले, मॉडेल कोण?
पैलवान दाराशी उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात,
चपला हातात घेऊन.
मी म्हणालो, असेच,
बसतात कुणी कुणी.

कोंबडा त्याच संध्याकाळी परत केला होता.
किल्ल्या राहून गेल्या.
रंगांच्या पेटीत आहेत, तळाशी, अजून.
कुलूपवाला काही
मागायला आला नाही.