चौतीस टक्के

औलूच्या गोदामात कॉफी निवत चाललेली.
युहानी पडद्यावर बोट ठेवून म्हणाला,
"चौतीस टक्के. ढगाळ दिवशीसुद्धा."

इर्मेली कांतोला, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त,
चष्मा पुसत म्हणाली, "मोजलं कुणी?"
"आम्हीच."
"हं."

बाकीचे भागधारक आपापल्या बुटांकडे बघू लागले.

ती उठली. बाहेर जाऊन
कोटाच्या बाहीने पॅनेलवरचं बर्फ झाडलं,
ऊन मोजलं, वीज मोजली,
आणि त्यांच्याच गुळगुळीत माहितीपत्रकाच्या पाठीवर
पेन्सिलीने भागाकार मांडला.
साडेअकरा.
पुन्हा केला.
साडेअकराच.

युहानीचे कान लाल.
थंडीनेही असतील.

"साडेअकरा खरे आहेत," ती म्हणाली,
हातमोजा चढवत,
"यांचे किती मागतोस, ते बोल."