शेवटचं पान

दाखल क्रमांक चार हजार एकशे सात.
विट्याच्या आमच्या वाचनालयात या पुस्तकाला
दिवाळीपासून मी चार वेळा डिंक लावला.
मुखपृष्ठावर पंखवाला राजपुत्र,
त्याच्या मिठीत मिठागरातली मुलगी,
मागे दोन चंद्र. त्यांच्याशेजारी कुणीतरी
चहाचा कप टेकवला,
म्हणजे आता तीन.

चोथे सरांनी ते चौथ्या दिवशी परत आणलं,
दोन बोटांत धरून,
जसं कुणाचं उष्टं ताट उचलावं.
"एकशे बारा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय.
आणि मला सांगा, ज्याला पंख आहेत
तो दार ठोठावून आत का येतो?"
मी तारखेचा शिक्का मारला.
ते उंबऱ्यापर्यंत गेले, चप्पल घातली,
मग वळून, जरा हळू:
"दुसरा भाग आलाय का?"

रुबीना मुल्लाने तीनदा नेलं,
तिसऱ्यांदा तर उशिराचा दंड आधीच भरून.
"तो विचारतो ना तिला, मॅडम,
तुला उडायचंय की नुसतं वर यायचंय?
असं कोण विचारतं कुणाला!"
तिच्या मैत्रिणीचं म्हणणं वेगळं:
विचारतो बाराव्या प्रकरणात,
उचलून नेतो तिसऱ्यात.
मधल्या नऊ प्रकरणांचा हिशोब कोण देणार?
जिन्यात दोघींचं इतकं पेटलं
की खालची शेंगावाली
मापटं हातात धरून ऐकत राहिली.

वाघमोडे रात्रपाळीचा. यंत्रमाग चालू ठेवून
सुताच्या गोण्यांवर बसून वाचतो.
पानापानांत कापसाचं तूस, आणि पेन्सिल:
"पंख किती किलोचं? पाठ भरून येत आसंल."
अठ्ठ्याऐंशीवर: "एवढा वाडा. झाडतं कोण?"
दोनशे तीनवर, जिथे ती रडते,
काहीच लिहिलेलं नाही.
एक ठिपका फक्त,
पेन्सिल टेकवून तशीच थांबलेली.

खोडणं माझं काम. भिंतीवर तशी पाटी आहे.
दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा
खोडरबर घेऊन बसते.
"लई ग्वाड." पुसलं.
"गोड कसलं, पाणचट." पुसलं.
"तुमच्यात बोलतं का कुणी घरी असं?"
त्याखाली निळ्या शाईत, बारीक:
"नाही. म्हणून तर वाचते."
शाई खोडरबरने जात नाही.
मी फार जोर लावला नाही.

मार्चमध्ये पुस्तकमोजणी निघाली
आणि लक्षात आलं, शेवटचं पान नाही.
फाटलेलंसुद्धा नाही, पट्टी धरून नीट कापलेलं.
दिवाळीत पहिला डिंक लावला तेव्हा होतं.
त्यानंतर चौदा जणांनी नेलं,
एकानेही तक्रार केली नाही.
उलट शेवटाबद्दल सगळे बोलले!
सर म्हणाले, उरकलाय.
रुबीना म्हणाली, पंख नको म्हणते ती, शाब्बास.
मैत्रीण म्हणाली, लावलं शेवटी लग्न, दुसरं सुचतं काय.
वाघमोडे म्हणाला, परत मिठात गेली,
पायाच्या भेगांत मीठ झोंबलं तिच्या,
तेवढं एक खरं वाटलं.

नोंदवहीत दिवाळीनंतरचं पहिलं नाव
वनमाला शितोळे.
नवरा गलाईच्या दुकानात, कोइंबतूरला.
सात वर्षं तिकडून पैसे यायचे, मग निरोप आला.
गाडीच्या दिवशी ट्रंक खाली रिक्षात ठेवून
ती पुस्तक द्यायला वर आली होती.
कसं वाटलं, मी विचारलं.
"ठीक आहे," म्हणाली.
समासात तिची एक रेघ नाही.
तिनेच नेलं असं मी म्हणत नाही.

दुसरा भाग परवाच्या गठ्ठ्यात आला.
सुतळी सोडली, पहिलं पान चाळलं:
"मागील भागात आपण पाहिले की..."
तिथेच मिटला,
आणि जुन्या पावत्यांच्या खणात ठेवला.

आज चोथे सर आले. चप्पल न काढता,
दारातूनच: "आला का?"

"अजून नाही, सर."