एकशे एकोणपन्नास

मासेरूत सकाळी नळात पाणी गोठतं
त्या दिवसांत डोंगरावरून खाली येते माथाबिसेङ,
थाबिसेङची आई.
तिचं माहेरचं नाव इथे कोणालाच ठाऊक नाही.
घोंगडीत ख्वाराची मुळं:
वरून कोळसा, मोडली की लालभडक.
खोकल्यावर, ती सांगते. दुधात उकळायची.
दव गोठून गवत पांढरं झाल्यावरच खणायची, आधी नाही.
मी वहीत लिहितो: खोकला. दूध.
दवाचं राहून जातं.

पुढची खेप लवकर हवी होती, मार्चमध्येच. आणून दिली तिनं,
काही न बोलता.
दळली, मेथॅनॉलमध्ये तीन दिवस भिजवली,
काचपट्टीवर थेंब ठेवून जांभळ्या दिव्याखाली धरली
तर निळे डाग उजळले:
कुमारिनं. पंगतीत सगळ्यांआधी
पाट धरून बसणारी मंडळी.

मग यंत्र. कागदावर शिखरं उठत गेली
खिडकीतल्या मालोती डोंगरांसारखी,
एकेकाला मी नाव देत गेलो.
सतराव्या मिनिटाला मात्र एक
एकटंच, उंच,
आमच्या जुन्या यादीत कुठेच नाही.
त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.
मनातल्या मनात बारसंही उरकलं,
बायकोला सांगितलं नाही.

सेखोन्याना मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला,
रेणू फुटल्यावर उरलेले तुकडे पाहिले,
एका आकड्यावर नख टेकवलं.
एकशे एकोणपन्नास.
"पिशवी कोणाची होती, त्सोलो?"

आमचीच.
घोंगडीची माती नको, म्हणून मीच दिली होती,
कोरी, प्लास्टिकची,
वर शिक्का: नमुना.

माथाबिसेङ विचारते, सापडलं?
सापडलं. प्लास्टिक.
ती हसते, हसता हसता ठसका लागतो,
कनवटीचा मुळाचा तुकडा काढून
दाढेखाली धरते, आणि डोळे पुसत म्हणते,
बरं, मग खोकला त्यातल्या कोणामुळे थांबतो?

माहीत नाही अजून.

जून. गवत पांढरं.
तिनं दाखवलेल्या उतारावर मी गुडघे टेकून,
बोटांना बोटं कळत नाहीत,
कुदळ दगडावर वाजते.
ती वरच्या खडकावर बसून मेंढ्यांना शिव्या घालते,
मधूनच मला.
पिशवी आणलेली नाही. मुळं टोपीत ठेवतोय,
लोकरीची आहे. लोकरीतूनही काही ना काही उतरणारच.

वही काढतो. लिहितो:
दव.
टोपी.