प्रॉम्प्टर फ्राउ त्साइनलिंगर सांगतात

तीस वर्षं मी रंगमंचाच्या पोटात बसले,
लाकडी टपाखाली, गुडघ्यांवर घोंगडी,
नाकासमोर गायकांचे जोडे.
राजकन्येच्या चपलेला भोक आहे
हे अख्ख्या व्हिएन्नात मला एकटीला ठाऊक.

काम एवढंच :
गाणाऱ्याच्या अर्धा श्वास आधी
पुढचा शब्द कोरडाच
वर सरकवायचा.

म्हणून हेर रेटनबाखरांचे शब्द
सुरांशिवाय ऐकले ते मीच.
बाकीच्यांनी व्हायोलिनं ऐकली.

मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा
त्यांच्या कविता शहराला तोंडपाठ होत्या म्हणे.
पहिल्या मानधनातून आईनं त्यांना
बर्फात घालायचे रबरी बूट घेतले.
मग सत्ताविसाव्या वर्षी कविता थांबल्या.
का, ते विचारायचं नाही, असा रिवाज.

मी विचारलं. एकदाच.
तालमीच्या सुट्टीत ते वाकून
माझ्या खोक्यात डोकावले होते, पेन्सिल मागायला.
म्हणाले, "तोंडात घेतला की विरघळायचा शब्द,
खोकल्याच्या गोळीसारखा.
म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडात देऊन बघावा."

पेन्सिल परत मिळाली नाही.

ग्राट्सच्या संगीतकाराशी त्यांची भांडणं
टपालानं चालायची.
त्याला हव्या असायच्या 'आ'वर संपणाऱ्या ओळी,
सोप्रानोला जबडा उघडता यावा म्हणून.
हे देत गेले. एकच ओळ दिली नाही,
तिसऱ्या अंकात म्हाताऱ्या नोकराची :
'आता दिवे तुम्हीच मालवा.'
त्यानं तिच्यावर तुताऱ्या घातल्या.
एकशे बारा प्रयोग.
कुणाला ऐकू गेली नाही. मी मात्र दर वेळी दिली.

एकतीसच्या शरदात ते गेले.
अडतीस साली कुणीतरी शोधून काढलं
की त्यांचे आजोबा मोरावियातून रेशीम विकत आले,
आणि शनिवारी दुकान बंद ठेवत.
भित्तिपत्रकावर संगीतकाराचं नाव तसंच, वीतभर उंच.
खाली 'शब्द :'
आणि पुढे एक आडवी रेघ.

त्या हंगामात नोकराच्या भूमिकेत होता ओडिलो क्रान्त्स,
बिचारा, ऐन तिसऱ्या अंकात आठवणच गेली त्याची.
संचालकानं हात वर धरला. तुताऱ्या थांबल्या.
क्रान्त्सचे जोडे माझ्याकडे वळले.
मी ओळ दिली.
नेहमीच्याच आवाजात दिली, देवाशपथ.
पण त्या शांततेत
ती तिसऱ्या सज्ज्यापर्यंत गेली.

कुणी ब्र काढला नाही.
मला कामावरूनही काढलं नाही.
दुसऱ्या दिवशी फक्त माझं खोकं
आतून जाड नमद्यानं मढवलेलं होतं.

पुढे छप्परच जळालं. नमदाही.

आता फ्लोरिड्सडोर्फला, टायरच्या दुकानामागे,
त्यांच्या नावाची एक गल्ली आहे.
ट्राम दोनदा बदलून गेले होते बघायला.
अकरा घरं. एका खिडकीत शिळी जिरेनियम.
पाटीवर नाव नीट लिहिलंय, जन्मसाल चुकलंय.
मी ते नाव हळूच म्हटलं,
सवयीनं,
कुणीतरी पुढचं गाईल म्हणून
जराशी थांबले.