पाचपांडे

सावद्याला, केळीच्या काट्यामागच्या खोलीत,
तीन वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्या पुढ्यात.
भारंबे मुकादमांनी अंगठ्यानं फोनवर लिहिलेल्या,
रकाना नाही, स्वल्पविराम नाही, सगळं एका दमात:
नवती बेचाळीस घड पाचपांडे फरक चौदा वापसी नाही

स्क्रिप्टला सांगितलं, आकडे वेच.
अक्षरात लिहिलेलेसुद्धा.
तिनं वेचले,
आणि रघुनाथ पाचपांडेंच्या नावावर
दर चिठ्ठीला पाच घड जास्तीचे चढले.
त्यांची तक्रार आली नाही.
कशी येईल?

मग शब्दाच्या दोन्ही अंगांना बांध घातला.
आडनाव सुटलं.
पण पाचोऱ्याकडच्या गाड्या अडकल्या.
दुपारभर कळेना.
मग दिसलं: हिला च कळतो,
त्याच्या डोक्यावरचा ओकार अक्षर वाटत नाही.
मात्रा आली की ही समजते, शब्द संपला, इथून बाहेर.
ज्यानं हिला घडवलं
त्याच्या गावात मात्रा नसाव्यात.

एकदा म्हटलं, ‘घड’पासून ‘नाही’पर्यंत घे.
पहिल्या घडापासून शेवटच्या नाहीपर्यंत
अख्खा श्रावण गिळून बसली.
एक प्रश्नचिन्ह लावलं
तेव्हा कुठे पहिल्याच नाहीवर हात आवरला.

भारंबे मागे उभे राहून बघत होते.
खिशात तंबाखू, कमरेला कोयती.
‘फणी तोडतांना मी देठ पायतो.
तू न पायताच सांगून ठेवतो व्हय,
कुठं कापायचं ते?’
हो म्हणालो.
‘मंग चुकनारच,’ म्हणाले, आणि चहा मागवला.

संध्याकाळी अकरा हजार ओळींतली
एकच उरली, कुठल्याच साच्यात न बसलेली.
ना घड, ना फरक, ना गाडी:
आज येतो उशिरा भाजी काय आणू ते सांग

त्यांना दाखवली.
चष्मा वर करून दोनदा वाचली.
‘हे घरी धाडाचं व्हतं,’ म्हणाले,
‘गेलं काट्याच्या ग्रुपात.’

मग काय नेलंत त्या दिवशी?

खूप वेळ आठवत राहिले.
बाहेर ट्रक मागे घेताना
कुणीतरी पत्रा बडवत होतं.

‘गिलके,’ म्हणाले. ‘तिले आवडत नाही.’

ती ओळ मी वगळली नाही.
तिच्यासाठी वेगळा नियमही लिहिला नाही.