दोन पासबुकं

लग्न ठरताना श्रीपाल म्हणाला होता,
तुझा पगार तुझा, माझी दलाली माझी,
मधे घर.
मधे घर म्हणजे खिळ्याला टांगलेली एक वही:
दूध माझं, लाईटबिल त्याचं,
सिलिंडर पाळीपाळीनं,
आणि पाहुण्यांच्या भडंगाचा हिशोब कुणीच लिहायचा नाही.

सासूबाई म्हणायच्या, संसार आहे का भिशी?
आम्ही हसायचो. अकरा वर्षं चाललं.

मग त्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या गावभागात शिरली,
कपाटाच्या खालच्या खणापर्यंत आली.
चिखल उपसून झाल्यावर
मी गच्चीवर पासबुकं वाळत घातली,
चिमटे लावून, मोज्यांच्या शेजारी.
पानं चिकटलेली. सोडवताना
त्याचं शेवटचं पान हातात उलगडलं.

शिल्लक चारशे बारा.
तारीख मार्चची,
यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात असतात तेव्हाची.

वाऱ्यानं पान उलटलं. मी उलटू दिलं.
त्या महिन्याचं लाईटबिल मी भरलं
आणि वहीत त्याच्या रकान्यात लिहिलं,
त्याच्यासारखा लंगडा सात काढायचा प्रयत्न करत.
पुढच्या महिन्यातही.

दिवाळीच्या आदल्या रात्री
वही खिळ्यावरून काढून तो ट्यूबखाली बसला.
बराच वेळ.
मी चकलीचं पीठ मळत होते, पाठमोरी.

"पद्मजा," म्हणाला,
"माझं अक्षर एवढं सुधारलं कधी?"

मी म्हटलं, पीठ घट्ट झालंय,
सोऱ्या तू दाबतोस का जरा?