पान अकरा, ओळ चौथी

अनशाबाई खराडे येताहेत हे आम्हाला
जिन्यावरच कळायचं.
चपलांत करकर भरून घेतली होती त्यांनी, मुद्दाम.
म्हणायच्या, बाई आली हे ऐकू आलं पाहिजे.

मी नगरपालिकेत कारकून. टेबल खिडकीपाशी,
खाली गुळाच्या गाड्या, गाड्यांवर माश्या.
देशाची पहिली निवडणूक तोंडावर होती
आणि मी पेठ दारोदार लिहून आणली होती:
दत्तू पोवाराची बायको.
म्हादू लोणाऱ्याची आई.
नाव विचारलं की पदर पुढे यायचा
आणि आतून पुरुषाचा आवाज: लिवा की, आमच्यातली.
मी लिहिलं. मला चहा मिळाला होता.

मग वरून कागद आला,
जिला स्वतःचं नाव नाही तिच्यावर रेघ मारा.
लाल शाईची दौत दोन दिवसांत संपली.
माझ्या रेघा सरळ यायच्या. साहेब तारीफ करायचे.

अनशाबाई सुईण. निम्म्या पेठेची नाळ
त्यांच्या हातानं कापलेली.
संस्थानाच्या काळात, मी चड्डीत असताना,
बायकांना मत द्या म्हणून अर्ज घेऊन
त्या कचेरीच्या पायरीवर तीनदा उभ्या राहिलेल्या.
तिसऱ्या खेपेला शिपायानं विचारलं, कुणाच्या तुम्ही?
म्हणाल्या, अजून ठरवलं नाही.

त्या बाकावर बसल्या. खोडलेल्या वाच, म्हणाल्या.
मी वाचत गेलो.
पान अकरावर त्यांनी वही आपल्याकडे फिरवली,
चौथ्या ओळीवर बोट ठेवलं:
केशव कारकुनाची आई.
अक्षर माझंच. घरी तर मी विचारलंही नव्हतं.
त्या काही बोलल्या नाहीत.
चष्मा पुसला, छत्री उचलली. 'चल.'

मुदत नऊ दिवस.

गंगावेशीत एक बाई धार काढत होती. नाव?
'मला कशाला नाव? मालकास्नी इचारा.'
अनशाबाईंनी म्हशीकडे मान केली. हिचं?
'चंद्री!'
आणि चरवीतला आवाज थांबला.
इतका वेळ थांबला
की म्हैस वळून बघायला लागली.
'हौसा,' बाई म्हणाली, म्हशीच्या पोटाला.

कुणी विचारलं, माहेरचं सांगू का सासरचं?
कुणी उखाण्याला लाजावं तशी लाजली
आणि नाव घेतलं स्वतःचंच.
एका माडीवरून खरकटं पाणी आलं अंगावर.
अनशाबाईंनी पदर पिळला, पुढचं दार वाजवलं.

त्या रात्री मी आईला विचारलं.
भाकरी थापता थापता तिनं सांगितलं,
जणू मी वाटीभर आमटी मागितली होती.
ते इथे लिहीत नाही. यादीत आहे.

साकोली कोपऱ्यावरच्या म्हातारीला मात्र आठवेचना.
'सून, मग वैनी, मग आई, मग म्हातारी.
त्येच्या आधी कायतरी हुतं.'
कागलात भाऊ होता. विचारून येते म्हणाली.

आली ती दहाव्या दिवशी, चालत,
पदरात भावानं दिलेला गुळाचा खडा.
'नकुशी. चौथी लेक मी. लिवा.'
मी तारीख दाखवली. तिला वाचता येत नव्हती.
तिला दिसली ती वहीतली रेघ.
'ह्ये लाल काय हाय?'
मला सांगता आलं नाही.
अनशाबाईंनी हळूच विचारलं,
पुढच्या वेळेला दुसरं बरं नाव घालूया का?
'नगं. एवढ्या लांबनं आणलंय.'

मतदानादिवशी तरीही रांगेत उभी राहिली.
परत पाठवली. गूळ तिनं शिपायाला दिला.

पाच वर्षांनी छापील यादीत ती होती,
वय अदमासे सत्तर.
अनशाबाई त्याच्या आदल्या थंडीत गेल्या होत्या.
जिना गप्प होता, मला सवय होत नव्हती.
म्हातारी शाळेच्या खोलीतून बाहेर आली,
मला ओळखलं,
आणि शाई लावलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं:
'बघ रं. लाल न्हाई नव्हं?'